कावळा रात्री कुठे झोपला?

बालकथा-स्पर्धांच्या पत्रकात एक शब्द ठरलेला असतो : 'बोधपर'. नव्या लेखकांना सल्लाही त्याच वळणाचा मिळतो. आधी बोध ठरवा, मग त्याभोवती गोष्ट गुंफा. प्रामाणिकपणा घ्या, झाडं लावणं घ्या, मोबाइलचं वेड घ्या. पात्रं मागून सुचतील. स्पर्धांसाठी आलेल्या अशा गोष्टी मी गठ्ठ्यांनी वाचल्या आहेत. पहिल्या परिच्छेदातच शेवट कळतो आणि मधलं सगळं त्या शेवटापर्यंत जाण्यापुरतं लिहिलेलं असतं. हा सल्ला मुळातच चुकीचा आहे, असं माझं ठाम मत आहे.

या सल्ल्याच्या बाजूने पंचतंत्राचा दाखला दिला जातो. विष्णुशर्म्याने राजपुत्रांना नीती शिकवायलाच गोष्टी सांगितल्या ना? हेतू नीतीचा होता, हे खरंच. पण माकड आणि मगरीची गोष्ट आठवून पाहा. पाण्याच्या मध्यावर पोचल्यावर माकड म्हणतं, काळीज तर झाडावरच राहिलं! 'संकटात प्रसंगावधान राखावं' हे वाक्य शंभरदा गिरवलं तरी त्यातून झाडावर ठेवलेलं काळीज निघणार नाही. ते आधी सुचावं लागतं. नीती त्याच्या मागून चालत येते.

दुसरा दाखला साने गुरुजींचा. नाशिकच्या तुरुंगात १९३३ साली लिहिलेली 'श्यामची आई' संस्कारांनी ओथंबलेली आहे, हे कोण नाकारेल? तरी मनात काय राहतं ते बघा. अंघोळीनंतर ओल्या पायांना घाण लागू नये म्हणून हट्ट धरणारा श्याम आणि धोंड्यावर आपले ओचे पसरणारी आई. मन स्वच्छ ठेवण्याबद्दल ती बोलते ते त्यानंतर. ते ओचे नसते, तर तिचं बोलणं कुणाच्या मनात राहिलं असतं?

'आता विषयच उरले नाहीत, आजच्या मुलांना काहीतरी नवंच हवं,' हा आक्षेप मला त्याहून कच्चा वाटतो. माधुरी पुरंदरे यांनी 'राधाचं घर'मध्ये कोणता अपूर्व विषय घेतला? आई, बाबा, आजी, आजोबा अशी घरातलीच माणसं! विषय घरात असतात, आपण मुलाच्या उंचीवरून पाहत नाही एवढंच.

मग कल्पना येते कुठून? माझ्या मते, समोरच्या एका विशिष्ट मुलाकडून. 'बालवाचक' नावाच्या मोघम समूहाकडून ती कधी येत नाही. स्वीडनमध्ये १९४१ साली अ‍ॅस्ट्रिड लिंडग्रेन यांची सात वर्षांची मुलगी न्यूमोनियाने अंथरुणाला खिळली होती. तिने हट्ट धरला, पिप्पी लाँगस्ट्रम्पची गोष्ट सांग. हे लांब मोज्यांचं नाव तिने त्याच क्षणी रचलं होतं. आईने ही पिप्पी कोण म्हणून विचारलं नाही, सांगायला सुरुवात केली. नावच असं जगावेगळं, म्हणून मुलगीही तशीच झाली : घोडा उचलणारी, एकटी राहणारी, मोठ्यांना न घाबरणारी. पुढे कित्येक वर्षं ती गोष्ट घरात नुसती सांगितली जात होती. १९४४ साली बर्फावरून घसरून लिंडग्रेन यांचा पाय मुरगळला, तेव्हा पडल्यापडल्या त्यांनी ती उतरवली. एका प्रकाशकाने ती परत पाठवली. पुस्तक १९४५ साली दुसरीकडून निघालं. बीअ‍ॅट्रिक्स पॉटर यांचा पीटर ससाही असाच, १८९३ साली एका आजारी मुलाला लिहिलेल्या पत्रातला. काय लिहावं ते सुचेना, म्हणून चार सशांची गोष्ट सांगते, असं त्या पत्रात आहे.

कुणी म्हणेल, मुलांच्या बडबडीला गोष्ट म्हणायचं का? नाही. मुलाकडून मिळतं ते बी. ते रुजवायला लेखकाची भाषा, कारागिरी आणि धीर लागतोच. पण बी नसलेल्या कुंडीला कितीही पाणी घातलं तरी काय उगवणार?

चिऊ-काऊची गोष्ट मी भाचीला सांगत होतो. शेणाचं घर वाहून गेलं, चिऊने दार उघडायला उशीर लावला, सगळं नेहमीसारखं. ती मध्येच म्हणाली, "पण त्याच्या आधी कावळा रात्री कुठे झोपला?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. आम्ही त्याला देवळातल्या घंटेखाली नेऊन बसवलं. लगेच पुढचा प्रश्न आला, "पहाटे घंटा वाजली तर?" पुढच्या चार रात्री आम्ही त्या देवळातच होतो. शेजाऱ्याला मदत करावी, हा बोध मी त्या चार रात्रींत एकदाही उच्चारला नाही. तरी पाचव्या रात्री तिने चिऊला कावळ्याला शोधायला आपणहून बाहेर काढलं, पिल्लाला झोपवून, भर पावसात.

म्हणून स्पर्धा भरवणाऱ्या सर्वांना माझी कळकळीची विनंती आहे : पुढच्या वर्षीच्या पत्रकातून 'बोधपर' हा शब्द काढून टाका. त्या जागी एवढीच अट घाला की गोष्ट पाठवण्यापूर्वी ती एका तरी मुलाला तोंडी सांगितलेली असावी, आणि त्याने मध्येच विचारलेला प्रश्न सोबत लिहून पाठवावा.