विश्लेषण : वारली चित्राला ‘जीआय’ मिळाले, धवलेरीच्या गाण्याचे काय?

वारली चित्र आज कुर्त्यावर, मगवर, मोबाइलच्या कव्हरवर दिसते. पण ज्या गाण्याच्या संगतीने हे चित्र भिंतीवर उतरत आले, ते गाणे पालघर-बोईसरमध्ये राहणाऱ्या अनेकांनी एकदाही ऐकलेले नसते. चित्र जगभर पोहोचले, गाणे मात्र घरातच मागे पडत आहे. असे का?

धवलेरी म्हणजे कोण?

वारली समाजात लग्नाचे विधी धवलेरी करते. ही लग्नाची गाणी मुखोद्गत असलेली जाणती बाई. गेरूने सारवलेल्या भिंतीवर सुवासिनी तांदळाच्या पिठाने चौक ‘लिहितात’. मधोमध पालघट देवी असते. त्या वेळी धवलेरी गाते, देवदेवतांना लग्नाला बोलावते. तिच्या गाण्याशिवाय लग्न पूर्ण होत नाही. हे गाणे वहीत नसते. ते ऐकून-ऐकून पाठ होते.

चित्र पुढे गेले, गाणे मागे का राहिले?

१९७०च्या दशकात भास्कर कुलकर्णी यांनी या भागातील चित्रे बाहेर नेली. गंजाडचे जिव्या सोमा मशे कागदावर चित्रे काढू लागले. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. कागदावर आलेले चित्र विकता येते, गाणे तसे विकता येत नाही.

त्यात जगण्याची घडीही बदलली. तारापूर एमआयडीसीत शिफ्टमध्ये काम करणाऱ्याला लग्न सुट्टीत बसवावे लागते. वेळ कमी पडला की कात्री लांबलचक गाण्यालाच लागते. रात्री डीजे असतोच.

गाण्याला ‘जीआय’ का नाही?

वारली चित्रकलेला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. मात्र १९९९चा हा कायदा ‘वस्तूं’साठी आहे : शेतमाल, हस्तकला, खाद्यपदार्थ वगैरे. गाणे ही वस्तू नाही, त्यामुळे ते या चौकटीत बसतच नाही.

मग कॉपीराइट?

परंपरेने आलेल्या गाण्याचा कवी कोण, हे सांगता येत नाही. त्यामुळे मूळ गाण्यावर कोणाचा कॉपीराइट नसतो. मात्र १९५७च्या कॉपीराइट कायद्यात कलाकाराला त्याच्या सादरीकरणावर ५० वर्षे हक्क आहे. खासगी वापर, अध्यापन, संशोधन अशा काही सवलती सोडल्या, तर धवलेरीचे गाणे मोबाइलवर टिपून कमाईसाठी वापरण्याआधी तिची संमती लागते. लग्नात व्हिडीओ काढणाऱ्या प्रत्येकाने एवढे तरी लक्षात ठेवावे.

रेकॉर्डिंग केले की झाले?

नाही. रेकॉर्डिंगमुळे आवाज टिकेल. कोणत्या विधीला कोणते गाणे आणि का, ही समज टिकणार नाही. महोत्सवात दहा मिनिटांचा कार्यक्रम हाही उपाय नव्हे. तारपा उघड्या मैदानात वाजतो, त्याला मंच मानवतो. जव्हार तालुक्यातील वाळवंड्याचे तारपावादक भिकल्या लाडक्या धिंडा यांना २०२६चा पद्मश्री जाहीर झाला, ही आनंदाचीच गोष्ट. पण धवलेरीचा मंच म्हणजे लग्नघरातली ती भिंत. तिथून उचलून आणलेले गाणे अर्धेच उरते.

मग काय करायला हवे?

शिकणारी माणसे हवीत. केंद्राच्या विभागीय सांस्कृतिक केंद्रांमार्फत गुरू-शिष्य परंपरा योजना चालते; त्यात गुरू आणि शिष्य दोघांनाही मानधन मिळते. उदयपूरच्या पश्चिम विभागीय केंद्राच्या कक्षेत महाराष्ट्र येतो. जाणत्या धवलेरी आणि त्यांच्याकडे शिकू इच्छिणाऱ्या मुलींचे प्रस्ताव जिल्हा प्रशासनाने स्वतःहून तयार करून पाठवावेत. त्यासाठी या वयस्कर बायकांना कार्यालयाच्या चकरा मारायला लावू नयेत.

पालघर जिल्हा आपली ओळख वारली चित्रातून सांगतो. त्या चित्राचा अर्थ ज्यांच्या गळ्यात आहे, त्यांच्यापर्यंतही त्याने वेळेत पोहोचायला हवे. चित्र नंतरही काढता येईल. न शिकलेले गाणे पुन्हा मिळणार नाही.