८० हजारांच्या उधारीला कोर्ट कुठलं?

समजा तुमचा रिसोडात पापड-मसाल्याचा छोटा उद्योग आहे आणि वाशिमच्या एका दुकानदाराकडे ८० हजार अडकलेत. काय कराल?

२०१८ मध्ये व्यावसायिक न्यायालयांची किमान मर्यादा एक कोटीवरून तीन लाखांवर आली. तिथं दाव्याआधी सहसा मध्यस्थी सक्तीची. पण तीन लाखांच्या आतला माणूस नेहमीच्या दिवाणी रांगेतच! २०२३ च्या मध्यस्थी कायद्यानंही दाव्याआधीची मध्यस्थी ऐच्छिक ठेवली. पैसे थकवणारा स्वतःहून थोडाच येतो? म्हणून माझं स्पष्ट मत: छोट्या वसुलीलाही मध्यस्थी सक्तीची करा.

तोवर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात लोकअदालतीसाठी दावापूर्व अर्ज करा, कोर्ट फी लागत नाही. पण तीन वर्षांची मुदत चुकवू नका. आणि माल ओळखीवर द्या, पण बिलावर सही घेऊनच!