वेळासची कासवं वाचली. राखणदारांच्या पुढच्या पिढीचं काय?

कासवांचा हंगाम आला की आपल्या जिल्ह्यात फोटो सुरू होतात. टोपली उचलली, पिल्लं निघाली, पर्यटकांनी टाळ्या वाजवल्या, बातमी संपली. मीही अशा बातम्या पाठवल्या आहेत. पण रात्रभर पुळणीवर फिरलेला माणूस त्या फोटोत नसतो.

मंडणगड तालुक्यातल्या वेळासला हे काम २००२ साली उभं राहिलं. चिपळूणची सह्याद्री निसर्ग मित्र ही संस्था आणि भाऊ काटदरे यांनी गावाला सोबत घेतलं. त्याआधी किनाऱ्यावरची अंडी उकरून खाल्ली जायची, विकली जायची. मादीचा माग ओळखणं, वाळूत काठी टोचून अंड्यांचा खड्डा शोधणं ही विद्या गावात होतीच. तीच विद्या पुढे राखणीला आली. वारसा तोच राहिला, फक्त दिशा बदलली.

काम सोपं नाही. ऑलिव्ह रिडलेची मादी रात्री येते, शंभराच्या आसपास अंडी घालते आणि समुद्रात परत जाते. कुत्री-कोल्ही पोचायच्या आत कासवमित्राला तिथं पोचावं लागतं. अंडी अलगद काढून कुंपणातल्या हॅचरीत तशाच खड्ड्यात ठेवायची आणि पुढे पन्नासेक दिवस राखण करायची.

या कष्टाचं फळ दिसलं आहे. २००६ पासून कासव महोत्सव सुरू झाला, घराघरांत पर्यटक राहू लागले. वनविभाग आणि कांदळवन कक्ष सोबत आले. जानेवारी २०२२ मध्ये वेळासच्या 'प्रथमा'ला सॅटेलाइट टॅग लावला. ओडिशात २०२१ साली टॅग लावलेली मादी जानेवारी २०२५ मध्ये थेट गुहागरला अंडी घालताना सापडली. म्हणजे आपली पुळण किती लांबच्या समुद्राशी जोडलेली आहे ते बघा!

मग अडचण कुठे आहे? मी शेतकरी आहे, म्हणून शेतकऱ्याच्या भाषेत सांगतो. बापाची शेती मुलगा प्रेमापोटी करत नाही, पोट भरलं तर करतो. कासवाचं काम हंगामी, मानधनही हंगामापुरतंच. उरलेलं वर्ष काय करायचं? पर्यटकांचा पैसा ज्याच्याकडे जादा खोली आहे त्याच्या घरी जातो. पहाटे चारला चालणाऱ्याकडे ती असेलच असं नाही. अशा घरातला मुलगा बारावी झाला की मुंबईची गाडी धरतो. त्याला दोष कसा द्यायचा?

दुसरी गोष्ट शाळेची. पर्यावरण हा विषय पुस्तकात आहे, मार्कही आहेत. माझ्या मुलानं अकरावीचा प्रकल्प दुसऱ्याच्या वहीतून उतरवला आणि पास झाला. किनाऱ्यावरच्या गावातल्या पोरांनी महिनाभर कासवमित्रासोबत चालावं, घरट्यांची नोंद ठेवावी आणि तोच प्रकल्प धरावा. यात शासनाचा किती खर्च आहे?

तेव्हा मागणी साधी आहे. कासवमित्राला बाराही महिने काम द्या; किनारा सफाई, सुरूच्या बनाची निगा, शाळांत माहिती देणं, अशी कामं भरपूर आहेत. पर्यटनाच्या उत्पन्नातला ठरावीक वाटा राखणीसाठी काढा, आणि तो ग्रामसभेत ठरवा. जुन्या माणसांना माहीत असलेल्या खुणा वहीत उतरवून घ्या, कारण ती माणसं थकत चालली आहेत.

कासवाची मादी वयात यायला दहा-पंधरा वर्षं लागतात आणि अंडी घालायला ती जन्मल्या किनाऱ्याकडेच वळते. सुरुवातीच्या वर्षांत वेळासनं सोडलेल्या पिल्लांतल्या ज्या वाचल्या असतील, त्या आता त्या वयाच्या झाल्या. त्या येतील. तेव्हा राखणदाराचा मुलगा पुळणीवर असेल का, हे आपण ठरवायचं आहे.