गृहविज्ञान : काळसर काच आणि गाडीचा डोळा

मोटारीच्या समोरच्या काचेस थोडा काळसर रंग दिल्यानें घरांतील वडीलधाऱ्या माणसांचा उन्हाचा ताप वांचत असेल, तर कायदा त्यास आडवा कां येतो, असा प्रश्न एका वाचकभगिनींनीं आम्हांस लिहून विचारला आहे. प्रश्न रास्त आहे. त्याचें उत्तर शोधण्याची पाळी यंदा आमच्याच घरावर येऊन गेल्यामुळें तें जरा विस्तारानें देतों.

आम्ही राहतों पेणकरपाड्यास. दहिसरचा नाका तेथून जवळ. वैशाखांत तिसऱ्या प्रहरीं त्या नाक्याच्या रांगेंत गाडी अडकली म्हणजे आंतल्या माणसांची काय अवस्था होते, तें अनुभवानेंच कळावें. लहान गाड्यांस तेथील पथकर ऑक्टोबर २०२४ पासून माफ झाला, पण ऊन कांहीं माफ झालें नाहीं. अशाच एका दिवशीं पुढच्या मालमोटारीच्या चाकाखालून उडालेला खडा आमच्या पुतण्याच्या गाडीच्या काचेवर बसला. काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखी नक्षी उमटली. परंतु एकही तुकडा आंत पडला नाहीं.

याचें कारण ही काच एकेरी नसते. दोन पातळ काचांच्या मध्यें पॉलिव्हिनिल ब्युटिरल नांवाच्या चिवट पदार्थाचा सुमारें पाऊण मिलिमीटर जाडीचा थर दाबून बसविलेला असतो. या युक्तीचें मूळ १९०३ सालांतलें. एदुआर बेनेडिक्टस या फ्रेंच चित्रकार-रसायनज्ञाच्या प्रयोगशाळेंत एक कुपी खालीं पडली. ती तडकली पण विखुरली नाहीं, कारण आंत वाळलेल्या सेल्युलोज नायट्रेटच्या लेपानें तिचे तुकडे धरून ठेवले होते, अशी हकीकत सांगतात. १९०९ मध्यें त्यानें या काचेचें पेटंट घेतलें.

नवी काच बसवितांना पुतण्यानें, आमच्या वहिनींना ऊन सोसत नाहीं म्हणून, दुकानदाराच्या सांगण्यावरून जरा गडद काच पसंत केली. शिवाय आंतून उष्णता अडविणारा एक पातळ पापुद्राही चिकटवून घेतला. ज्येष्ठभर घरांत त्या काचेचें कौतुक चाललें होतें. आम्हींही केलें, हें कबूल करणें भाग आहे.

आषाढांत एका सायंकाळीं आमच्या सूनबाई नातवास घेऊन घोडबंदर रस्त्यानें येत असतां एकाएकीं मोठी सर कोसळली. या गाडीचे वायपर पावसाचे थेंब पडतांच आपण होऊन चालू लागतात. त्या दिवशीं ते हललेच नाहींत. सवय त्या सोयीची झालेली, त्यामुळें बटण सांपडेपर्यंत दोन-तीन क्षण गेले, आणि तेवढ्या वेळांत पुढच्या मालमोटारीचे तांबडे दिवे अगदीं नाकाशीं आले. थांबल्या एवढें खरें. घरीं आल्यावर त्या बराच वेळ कांहीं बोलल्या नाहींत.

आतां या वायपरला पाऊस कळतो कसा ? आरशामागें काचेस चिकटून एक लहानसें यंत्र असतें. तें डोळ्यांस न दिसणारे अवरक्त किरण काचेंत तिरपे सोडतें. काचेकडून हवेकडे जाणारा किरण सुमारें ४२ अंशांपेक्षां अधिक तिरपा असला, कीं बाहेर न पडतां पूर्णपणें परततो. बाहेर पाण्याचा थेंब असेल तर हीच मर्यादा ६० अंशांच्या वर जाते. म्हणजे ४५ अंशांनीं निघालेला किरण कोरड्या काचेवरून परत येतो आणि ओल्या काचेंतून निसटतो. परत येणारा प्रकाश घटला, कीं यंत्रानें पाऊस ओळखला.

आमचा पापुद्रा नेमके हेच किरण अडवीत होता. समजा, त्यांतून शेंकडा ४० किरण पार होतात. तर जातांना ४० उरले आणि येतांना त्यांतले १६. एवढ्या तुटपुंज्या प्रकाशांत कोरडें कोणतें व ओलें कोणतें हा भेद यंत्रास कळेना. त्या जागेपुरता पापुद्रा कापून काढावयास हवा होता. तो कोणीं कापला नाहीं.

गुणाकाराची हीच चूक कायद्याच्या बाबतींतही होते. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १०० व्या नियमाप्रमाणें समोरच्या व मागच्या काचेंतून दृश्य प्रकाशाचा निदान ७० टक्के भाग आंत आला पाहिजे, बाजूच्या काचांतून ५० टक्के. सर्वोच्च न्यायालयानें २७ एप्रिल २०१२ च्या निकालानें काळ्या पापुद्र्यांस मज्जाव केला. पुढें नियमांत सुधारणा झाल्या, तरी हे आंकडे कायम राहिले. "सत्तर टक्क्यांचा आहे" म्हणून पापुद्रा विकला जातो खरा. पण मूळ काच ७५ टक्क्यांची असेल, तर दोहोंतून मिळून ५२.५ टक्केच प्रकाश येतो. तिन्हीसांजेस, पावसांत, रस्त्यावरचे पट्टे न्याहाळणाऱ्या कॅमेऱ्यास आणि चालविणाऱ्याच्या डोळ्यांस ही तूट सारखीच भोंवते.

मुख्य गैरसमज असा, कीं काळी तेवढी काच थंड. सूर्याच्या उष्णतेपैकीं सुमारें निम्मी अवरक्त किरणांतून येते, आणि त्यांस डोळ्याला दिसणाऱ्या रंगाशीं कर्तव्य नसतें. दूरचित्रवाणीच्या रिमोटचें पुढचें टोंक पाहावें. कित्येक रिमोटवर तेथें काळसर तांबूस चकती असते. आपल्यास ती अपारदर्शक, पण अवरक्त किरण तींतून खुशाल बाहेर पडतात. अंधारांत भ्रमणध्वनीच्या पुढच्या कॅमेऱ्यासमोर बटण दाबल्यास बहुधा जांभळट ठिणगी दिसते; मुलांकडून हा प्रयोग अवश्य करवावा. उलट काचेंतील लोहाचा एक प्रकार तिला किंचित् हिरवट झांक देतो व अवरक्त किरण पुष्कळसे शोषतो. अशी काच स्वच्छ दिसूनही ऊन अडविते. म्हणूनच यंत्रांस किरण लागतात त्या जागीं लोह कमी ठेवलेली काच वापरण्याकडे कारखानदारांचा कल आहे.

आम्हीं पापुद्रा खरडून काढविला, गाडीच्या मूळ मापाची काच बसविली आणि कॅमेऱ्याची दिशा यंत्रावर पुन्हां जुळवून घेतली. काच बदलल्यावर हें करावेंच लागतें. खर्च दुप्पट झाला. वहिनी आतां मागच्या आसनावर सांवलीच्या बाजूस बसतात. रिमोटचा प्रयोग पाहून त्यांनीं एवढेंच विचारलें, कीं न काळवंडतां ऊन अडविणारी ती काच देवघराच्या पश्चिमेकडील खिडकीस चालेल काय. तिला कांहीं वायपर नाहींत. चालेल, असें आम्हीं सांगितलें. दराची चौकशी सुरू आहे.