आपल्या आजाराची बातमी कोणी द्यावी?

१७ जानेवारी २०२३ रोजी जपानी संगीतकार रियुइची साकामोतो यांची ‘१२’ या नावाची ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध झाली. त्या दिवशी त्यांना एकाहत्तर वर्षे पूर्ण झाली होती. मुद्रिकेत बारा रचना आहेत. त्यांना नावे अशी नाहीत, केवळ तारखा आहेत. एका तारखेपुढे ‘साराबांद’ हा जुन्या युरोपीय नृत्यप्रकाराचा निर्देश करणारा शब्द आहे, तेवढाच काय तो अपवाद. पहिली रचना १० मार्च २०२१ ची. त्यानंतरची थेट ३० नोव्हेंबरची. मधले साडेआठ महिने कोरे. पुढच्या बहुतेक २०२२ च्या पहिल्या काही महिन्यांतील. कचेरीतील आवक-जावक नोंदवहीत असाव्यात तशा या तारखा ओळीने वाचल्या, तरी काहीतरी मोठे घडून गेले आहे हे चाणाक्ष वाचकाच्या लक्षात यावे.

घडले ते असे. साकामोतो यांना २०१४ साली घशाचा कर्करोग झाला. त्यातून ते बरे झाले. २०२० साली मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागात नवा कर्करोग निघाला. जानेवारी २०२१ मध्ये तब्बल वीस तासांची शस्त्रक्रिया झाली. रुग्णालयातून परतल्यावर त्यांनी प्रथम हात लावला तो सिंथेसायझरला. काही रचावे असा हेतू नव्हता, नुसत्या ध्वनीत न्हाऊन निघावे एवढीच इच्छा होती, असा खुलासा त्यांनी स्वतःच केला आहे. पुढे अधूनमधून, रोजनिशी लिहावी तसे, ते वाजवीत राहिले. त्यातल्या बारा नोंदी म्हणजे ही मुद्रिका.

ती ऐकू जाणाऱ्या आपल्याकडील रसिकास हे संगीत म्हणावे की नाही, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. एखादा स्वर लागतो आणि बराच वेळ विरत राहतो. पियानोचे चार पडदे, मग शांतता. काही ठिकाणी वादकाचा श्वास चक्क ऐकू येतो. धाप लागलेल्या माणसाचा श्वास. कोणताही ध्वनिमुद्रक तो काढून टाकू शकला असता. तो ठेवला आहे. १९५२ साली जॉन केज या अमेरिकन संगीतकाराने चार मिनिटे तेहेतीस सेकंद वादकाने काहीच न वाजवण्याची ‘रचना’ सादर करवली, तेव्हापासून पाश्चात्त्य प्रयोगशील संगीतात सभागृहातील खोकला आणि छपरावरचा पाऊसही संगीताच्या हद्दीत आला. (या केजनी त्याआधी, १९४६ च्या सुमारास, गीता साराभाईंकडून भारतीय संगीताचे तत्त्व समजून घेतले होते, हे आपण सहसा विसरतो.) साकामोतो त्याच परंपरेतील. एरवी ते लोकप्रियतेला पारखे नव्हते. १९७८ साली दोन मित्रांसह स्थापन केलेल्या ‘यलो मॅजिक ऑर्केस्ट्रा’ने त्यांना जपानच्या घराघरांत पोहोचवले, ‘द लास्ट एम्परर’ या चित्रपटाच्या संगीतासाठी १९८८ साली दोघा सहकाऱ्यांसह त्यांना ऑस्कर मिळाले. परंतु २०११ च्या त्सुनामीत बुडून निघालेला एका शाळेचा पियानो सापडला, तेव्हा तो दुरुस्त न करता त्याच्या बेसूर तारांतच त्यांना काही ऐकू आले आणि ते त्यांनी पुढे वापरले. मनुष्याने ताणून सुरात बसवलेले लाकूड निसर्गाने पुन्हा आपल्या सुरात लावून घेतले, असा त्यांचा त्याविषयीचा विचार होता.

परंतु प्रस्तुत लेखाचा विषय संगीत हा नाही. साकामोतो यांनी आपल्या आजाराची प्रत्येक बातमी स्वतः, स्वतःच्या शब्दांत दिली, याकडे मला वाचकांचे लक्ष वेधावयाचे आहे. २०१४ साली दिली. जानेवारी २०२१ मध्ये शस्त्रक्रियेनंतर दिली आणि यापुढे आपण कर्करोगासह जगणार आहोत, आणखी थोडा काळ संगीत करता आले तर बरे, असे सांगितले. आणि २०२२ च्या जूनपासून ‘शिंचो’ या प्रतिष्ठित साहित्यिक मासिकात लेखमाला सुरू करून रोग चौथ्या अवस्थेत असल्याचेही लिहिले. उपचार न केल्यास सहा महिने, असे एका डॉक्टरने तोंडावर सांगितले तेव्हा त्या सांगण्याच्या रीतीने आपण किती हादरलो, हेही त्यांनी लपवले नाही. आणखी किती वेळा पौर्णिमेचा चंद्र आपल्या दृष्टीस पडेल, या आशयाचे त्या लेखमालेचे शीर्षक होते.

हे जपानमध्ये घडले याला महत्त्व आहे. कर्करोगाचे निदान रोग्यापासून दडवण्याची चाल त्या देशात आपल्याइतकीच, कदाचित अधिकच, पक्की होती. अकिरा कुरोसावा यांचा ‘इकिरू’ हा चित्रपट १९५२ चा, म्हणजे साकामोतो जन्मले त्याच वर्षाचा. त्याचा नायक वातानाबे हा नगरपालिकेतील एका खात्याचा प्रमुख. तीस वर्षे कागदांवर शिक्के मारीत बसलेला. दवाखान्यात वाट पाहत असता शेजारचा एक अनोळखी रोगी त्याला सांगतो की, साधा अल्सर आहे असे डॉक्टर म्हणाले की समजावे, काम आटोपले. आत गेल्यावर डॉक्टर म्हणतात, साधा अल्सर आहे. ते खोटे बोलतात आणि वातानाबेला खरे कळते. चित्रपटातील गोष्ट म्हणून हे सोडून देता येत नाही. सम्राट हिरोहितो १९८८ च्या सप्टेंबरपासून अत्यवस्थ होते. त्यांचे तापमान, रक्तस्राव, चढवलेले रक्त यांची निवेदने महिनोन्‌महिने प्रसिद्ध होत राहिली. मात्र रोगाचे नाव ७ जानेवारी १९८९ रोजी त्यांचा अंत झाल्यावरच सांगण्यात आले. ज्या देशात सम्राटालाही आपल्या रोगाचे नाव मिळाले नाही, त्या देशात एका संगीतकाराने ते मासिकात छापले.

आणि आपल्याकडे? येथे थोडे खासगी सांगणे भाग आहे. माझे वडील मामलेदार कचेरीत अव्वल कारकून होते. निवृत्तीनंतर तिसऱ्या वर्षी त्यांचे पोट दुखू लागले. डॉक्टरांनी थोरल्या भावाला बाहेर व्हरांड्यात बोलावून काय ते सांगितले. आत येऊन भाऊ वडिलांना म्हणाला, “अण्णा, अल्सर आहे. पथ्य पाळलं की झालं.” ‘इकिरू’ आम्ही कोणी पाहिला नव्हता. त्या दिवसापासून घरात ‘कॅन्सर’ हा शब्द उच्चारला गेला नाही. आत्या, काका, शेजारी सगळे ‘मोठं दुखणं’ म्हणत, तेही स्वयंपाकघरात आणि हळू. अण्णा आयुष्यभर दुसऱ्यांच्या कागदांतील खाडाखोड ओळखत आले होते. त्यांना आमची ओळखू आली नसेल हे संभवत नाही. एके दिवशी त्यांनी मला जवळ बोलावून पोस्टातील बचतखात्याचे पुस्तक काढायला सांगितले. त्यावर वारस लावायचा राहिला होता. मी म्हणालो, “अण्णा, असं काय बोलता? चांगले बरे व्हाल.” त्यांनी पुस्तक परत माझ्या हाती दिले आणि पुन्हा कधी विषय काढला नाही. दोन महिन्यांनी ते गेले. वारसाचे काम आम्हाला पुढे कित्येक महिने पुरले. पण ते गौण आहे. त्या दोन महिन्यांत त्यांना आणखी काय सांगायचे होते ते मी त्या एका वाक्याने बंद केले. प्रेमापोटीच केले, याने फरक पडत नाही.

यावर काही आक्षेप संभवतात, आणि ते पोकळ नाहीत. पहिला असा की, जाहीरपणे सांगणे हा नामवंतांचा आणि सुखवस्तूंचा चोचला आहे. साकामोतो यांनी रोग जाहीर केला तर त्यांना सहानुभूती मिळते. एखाद्या गिरणी कामगाराने वा शाळेच्या शिपायाने केला तर त्याची नोकरी डळमळते आणि घरात लग्नाची मुलगी असेल तर येणारी स्थळे मागे फिरतात. आपल्याकडील लपवाछपवीचे मूळ केवळ भाबड्या मायेत नाही, ते या व्यवहारी भीतीत आहे, हे मान्य केलेच पाहिजे. परळच्या टाटा रुग्णालयाची दारे १९४१ साली उघडली. ऐंशीहून अधिक वर्षे लोटली तरी ‘टाटाला नेलंय’ हे नाव आपण अजून आवाज उतरवूनच घेतो. दुसरा आक्षेप असा की, काही माणसांना खरोखरच जाणून घ्यावयाचे नसते. तेही खरे. न विचारण्याचा अधिकार रोग्याला आहेच. पण तो त्याचा अधिकार आहे. त्याच्या वतीने त्याच्या थोरल्या मुलाने तो व्हरांड्यात बजावावा असा नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली समीरा कोहली खटल्यात, सज्ञान रुग्ण स्त्री भुलीखाली असता तिच्या आईने दिलेली संमती ही तिची संमती होत नाही, असा निर्णय दिला. तो प्रश्न शस्त्रक्रियेचा होता, निदान सांगण्याचा नव्हता. परंतु दुसऱ्याच्या शरीराबाबत नातेवाइकांचा अधिकार कोठे संपतो, याची रेघ त्याने ओढली आहे.

तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. उघडपणाला एकदा सुरुवात झाली की उघडे पाडण्याचीही चटक लागते. याचा दोष आम्हा वृत्तपत्रांत लिहिणाऱ्यांकडे बराच जातो. जयप्रकाश नारायण मुंबईत जसलोक रुग्णालयात असता मार्च १९७९ मध्ये त्यांच्या निधनाची घोषणा खुद्द लोकसभेत पंतप्रधानांनी केली. जयप्रकाश त्यानंतर ८ ऑक्टोबरपर्यंत जिवंत होते. दुसऱ्याची बातमी आपणच प्रथम द्यावी या घाईचा याहून क्लेशकारक दाखला शोधून सापडणार नाही. नटनट्यांच्या रुग्णालयांबाहेर आज कॅमेरे घेऊन ताटकळणारे लोक त्याच घाईचे वारस आहेत. पण साकामोतो यांचे उदाहरण येथेच उपयोगी पडते. ते २८ मार्च २०२३ रोजी निवर्तले. जगाला कळले २ एप्रिलला, घरच्यांनी अंत्यविधी आटोपल्यानंतर. जो माणूस आपल्या आतड्याविषयी मासिकात लिहितो, तोच आपल्या मृत्यूचे पाच दिवस घरच्यांसाठी राखून ठेवतो, यात विसंगती नाही. काय सांगावे, केव्हा आणि कोणत्या शब्दांत, हे ठरविणारा तोच होता.

आपल्या संगीतातही आजाराची एक मोठी कथा आहे. कुमार गंधर्वांना ऐन पंचविशीच्या आत क्षयाने गाठले. १९४८ साली ते देवासला गेले आणि पाच-सहा वर्षे गाणे बंद राहिले. एक फुप्फुस जवळजवळ निकामी झाले. त्या अंथरुणावरून त्यांनी माळव्याची लोकगीते ऐकली, आणि उठल्यावर जे गाणे गायले ते आधीच्यासारखे राहिले नाही; लहान, तुटक, मध्येच थांबणाऱ्या त्या स्वरवाक्यांत श्वासाची गरज किती आणि प्रतिभेची निवड किती, यावर जाणकार अजून वाद घालतात. मला तो वाद फारसा फलदायी वाटत नाही. पण त्या पाच-सहा वर्षांत त्या तरुणाला अंथरुणावर काय वाटत होते हे आपल्याला बहुतांशी इतरांच्या आठवणींतून कळते. क्षय हाही तेव्हा हळू आवाजात बोलावयाचा रोग होता. त्या काळातील दहा-बारा तारखांच्या नोंदी जर असत्या, गाण्याच्या नव्हे, नुसत्या गुणगुणण्याच्या, तर आज त्यांचे मोल काय झाले असते याची कल्पना करून पाहावी.

आपल्याला काय झाले आहे हे साकामोतो यांना माहीत होते, म्हणून त्यांना शेवटच्या वर्षाची आखणी करता आली. अखंड मैफल वाजवण्याइतके त्राण उरले नव्हते. तेव्हा सप्टेंबर २०२२ मध्ये टोकियोच्या एका स्टुडिओत रोज थोड्या थोड्या रचना वाजवून त्यांनी त्या मुद्रित करवल्या आणि डिसेंबरमध्ये त्या मैफलीच्या रूपात जगभर दाखवल्या गेल्या. त्याच वादनावरून त्यांच्या मुलाने ‘ओपस’ हा वीस रचनांचा चित्रपट केला. आपल्या अंत्यविधीच्या वेळी कोणते संगीत वाजावे याची तेहेतीस रचनांची यादी त्यांनी स्वतः करून ठेवली होती. आणि मृत्यूच्या महिन्यात, मार्च २०२३ मध्ये, त्यांनी टोकियोच्या राज्यपाल युरिको कोइके यांना पत्र लिहिले. विषय स्वतःचा आजार नव्हता, मेइजी जिंगू परिसरातील जुनी झाडे पुनर्विकासासाठी तोडू नयेत, ही विनंती होती. ‘इकिरू’मधला वातानाबेही रोगाचे खरे नाव कळल्यावरच शिक्के मारणे सोडून मुलांसाठी एक बाग करून घेण्याच्या मागे लागला होता. आमच्या अण्णांना करावयाचे होते ते काम याहून पुष्कळ लहान होते, आणि ते करावयास पोस्टाचे एक पुस्तक व अर्धा तास पुरला असता.