कृषी आयुक्तांचे पहिले काम

कृषी आयुक्त म्हणजे अनुदाने वाटणारा बडा अधिकारी, ही समजूत शेतकऱ्यांतच नव्हे तर खुद्द सरकारातही रूढ झालेली दिसते. पुण्याच्या आयुक्तालयातून परिपत्रके सुटतात, उद्दिष्टे ठरतात, तेही हवेच. परंतु १९६६ चा बियाणे कायदा व १९६८ चा कीटकनाशक कायदा यांनी कृषिखात्यावर टाकलेले काम निराळे आहे. दुकानात जाऊन नमुना घ्यावा, तो प्रयोगशाळेत तपासून घ्यावा, खोट निघाल्यास विक्री थांबवून खटला भरावा, असे ते काम. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या सुमारास शेतकरी-शेतमजूर दगावले. २०२० च्या खरिपात मराठवाड्यात सोयाबीनचे बियाणे उगवलेच नाही, आणि असंख्य शेतकऱ्यांवर दुबार पेरणीची पाळी आली. दोन्ही वेळी चौकशांना वेग आला तो बोभाटा झाल्यावर. नमुन्याचा निकाल हाती येईपर्यंत जमिनीतला वाफसा थोडाच थांबतो? आयुक्तांच्या कामाची मोजदाद खर्ची पडलेल्या निधीवरून न करता, मृगापूर्वी किती नमुने तपासले आणि किती परवाने रद्द झाले, यावरून व्हावयास हवी. तसा जिल्हावार तक्ता दरवर्षी मे महिन्यात प्रसिद्ध करण्यासाठी नव्या कायद्याची गरज नाही.