साठ पोती की सात पोती?

चैत्रात एकवीरा देवीची यात्रा भरली, की कार्ले फाट्यापासून डोंगराच्या पायथ्यापर्यंत माणसांची रीघ लागते. या दिवसांत तेथील दुकानदाराला मालाची निकड सर्वाधिक असते आणि नेमका तेव्हाच फोन दगा देतो. पुण्याच्या मार्केट यार्डातील अडत्याला व्हॉट्सॲपवरून शेंगदाण्याची ‘साठ पोती’ सांगावीत आणि पलीकडे ‘सात’ ऐकू जावे, हा प्रसंग कल्पनेतला असला तरी अशक्य नाही. त्याच फोनवरून पाठविलेला लेखी निरोप मात्र, उशिरा का होईना, जसाच्या तसा पोहोचतो. एकाच वाटेने जाणाऱ्या दोन गोष्टींना असे दोन न्याय का?

जुन्या टेलिफोनमध्ये बोलणे चालू असेपर्यंत दोन टोकांमधील वाट त्या दोघांसाठीच राखून ठेवलेली असे. इंटरनेटवर अशी राखीव वाट नसते. आवाजाचे अंकांत रूपांतर करून त्या अंकांची लहान पुडकी बांधली जातात. त्यांना पॅकेट म्हणतात. एका पुडक्यात सहसा २० मिलिसेकंदांचा, म्हणजे सेकंदाच्या पन्नासाव्या भागाएवढा आवाज मावतो. प्रत्येकावर अनुक्रमांक आणि दोन्ही टोकांचे आयपी पत्ते असतात. वाटेतील राउटर म्हणजे पत्ता वाचून माल पुढे रवाना करणारी ट्रान्सपोर्टची गोदामेच होत.

पुडके पोहोचण्यास लागणाऱ्या वेळेला लेटन्सी म्हणतात. जुन्या पिढीने हा विलंब अनुभवलेला आहे. पुणे जिल्ह्यातच, जुन्नर तालुक्यातील आर्वी येथे १९७१ मध्ये उपग्रह दळणवळणाचे भूकेंद्र सुरू झाले; अहमदाबादच्या जैन व्यापारी घराण्यात जन्मलेल्या विक्रम साराभाईंचे नाव त्यास देण्यात आले. उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर. आवाज वर जाऊन खाली येण्यास पाव सेकंद, उत्तर येण्यास आणखी पाव. म्हणून परदेशी बोलताना दोघे एकदम बोलत आणि एकदम थांबत. आता बहुतेक आंतरराष्ट्रीय वाहतूक समुद्रतळाच्या केबलमधून होते आणि तो विलंब पुष्कळ कमी झाला आहे.

विलंब ठराविक असेल तर तो सोसवतो. खरा त्रास जिटरचा, म्हणजे पुडकी अनियमित अंतराने येण्याचा. यात्रेच्या गर्दीत एकाच टॉवरवर हजारो फोन रांग लावतात. काही पुडकी लगेच सुटतात, काही अडकतात. ऐकणाऱ्याचा फोन आलेला माल क्षणभर बफरमध्ये, जणू ओट्यावर, ठेवून अनुक्रमांकाने लावून घेतो. त्यानंतर आलेले पुडके तो सरळ टाकून देतो, कारण संभाषण पुढे गेलेले असते. ‘ठ’ची ओळख पटविणारा ध्वनी क्षणार्धाचाच, अशी दोन-चार पुडकी गेली, की साठाचे सात होण्यास वेळ लागत नाही. त्यातही घातक बाब ही, की रिकामी जागा जाणवू नये म्हणून ॲप मागच्या-पुढच्या आवाजावरून ती अंदाजाने भरते. रोजमेळातील खाडाखोड निदान डोळ्यांना दिसते. येथे भरलेली जागा मूळचीच वाटते.

लेखी निरोपाचा रिवाज वेगळा. तो टीसीपी नावाच्या नियमाने जातो: प्रत्येक भागाची पोच घ्यायची, पोच न आल्यास तो पुन्हा पाठवायचा. आवाज सहसा यूडीपीने जातो, ज्यात पोच नाही आणि पुन्हा पाठविणेही नाही. पहिल्यात अचूकता राखण्यासाठी वेळ सोडलेला आहे, दुसऱ्यात वेळ साधण्यासाठी अचूकता. कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या व्हरांड्यात वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीचे नाव सुमारे दोन हजार वर्षे टिकले, तेही लेखी असल्यामुळेच.

भारतात इंटरनेट टेलिफोनीस १ एप्रिल २००२ पासून परवानगी मिळाली. आता नेहमीच्या डायलवरून केलेला ४जी कॉलदेखील पॅकेटांतूनच जातो. मात्र कंपनी आपल्या जाळ्यात त्या पुडक्यांना अग्रक्रम देते. ॲपवरील कॉलला तो मिळत नाही. म्हणून गर्दीच्या दिवशी साधा कॉल बहुधा अधिक स्वच्छ ऐकू येतो. दुकानात ब्रॉडबँड असल्यास फोनमधील वायफाय कॉलिंग सुरू करावे. मग टॉवरच्या रांगेत उभे राहावे लागत नाही.

भाव आणि नग मात्र लिहूनच पाठवावेत. व्हॉट्सॲपवर एक करडी खूण म्हणजे निरोप कंपनीच्या सर्व्हरपर्यंत गेला, दोन म्हणजे समोरच्याच्या फोनवर पोहोचला, दोन्ही निळ्या झाल्या म्हणजे उघडला गेला. वाचल्याची खूण ज्याने बंद ठेवली असेल, त्याच्याकडून निळा रंग येणारच नाही. तेथे ‘६० पोती, मान्य’ एवढे उत्तर मागवून घ्यावे.